परसातील कोंबडी : मुरवून भाजण्याची सोपी रीत

ज्या शेतकरी कुटुंबाच्या दावणीला गाय किंवा म्हैस नाही, अशा कुटुंबाच्या परसातही चार-दहा कोंबड्या बहुधा आढळतात. त्यांच्यासाठी वेगळी जमीन लागत नाही, विहिरीचे पाणी लागत नाही, की कर्ज काढावे लागत नाही. खळ्यावर सांडलेले दाणे, उकिरड्यातील किडे व स्वयंपाकघरातील उरलेसुरले अन्न ह्यांवर त्या वाढतात. त्यांची सर्व उस्तवार घरची स्त्री करते. पिल्ले घारीपासून व मुंगसापासून राखणे, सायंकाळी मोजून खुराड्यात कोंडणे, खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवणे, ही कामे कोणत्याही हिशेबवहीत न येता वर्षभर चालू असतात.

परंतु ह्या कोंबड्यांपासून घरातील माणसांच्या पोटात काय जाते, हे पाहू लागले म्हणजे निराळीच गोष्ट दिसते. अंडी दुकानात जातात. कोंबडा आठवड्याच्या बाजारी विकला जातो, अथवा पाहुण्यांसाठी, जत्रेसाठी किंवा नवसासाठी राखला जातो. ज्या दिवशी कोंबडी शिजते त्या दिवशीही ती रश्श्यात शिजते, आणि पंगत मोठी असली म्हणजे रश्श्यात पाण्याचा तांब्या वाढतो. प्रथम पाहुणे, मग घरातील पुरुष, मग मुले अशी पाने वाढली जातात. सर्वांत शेवटी जी जेवावयास बसते तिच्या ताटात भाकरीबरोबर रस्सा येतो. तुकडे तोपर्यंत संपलेले असतात. हे कोणी मुद्दाम करतो असे नव्हे. पातेल्यात पळी घातल्यावर तुकडे किती उरले हे दिसत नाही, आणि वाढणारीच शेवटची असल्यामुळे तिच्यासाठी कोणी मोजून ठेवीत नाही.

कोंबडी रश्श्यात न शिजविता मुरवून कोरडी भाजली, तर ती तुकड्यातुकड्याने मोजता येते व ताटे मांडण्यापूर्वीच वाटून ठेवता येते. ह्या लेखात सांगितलेल्या रीतीची शिफारस मुख्यतः ह्याच कारणासाठी आहे. तिला तेल थोडे लागते, विकतचा तयार मसाला लागत नाही आणि पदार्थ चवदार होतो, हे तिचे आणखी गुण होत.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार ५५ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीस दररोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. भाकरी, भात व डाळ ह्यांतून त्यांतील बराचसा भाग मिळतो हे खरे. परंतु डाळीची वाटी पातळ होत गेली म्हणजे तूट पडते. हाडे वगळून ५० ग्रॅम भाजलेले मांस घेतले, तर दोन अंड्यांइतकी, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम, उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. त्याशिवाय शाकाहारी अन्नात दुर्मिळ असलेले ब-१२ जीवनसत्त्व मिळते. मांसातील लोहाचा अंश भाजीपाल्यातील लोहापेक्षा शरीरात अधिक सहज शोषला जातो, आणि कोंबडीच्या काळजात तर मांसाच्या कितीतरी पट लोह असते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नसल्याचे आढळून आले. महिन्यातून दोनदा खाल्लेल्या कोंबडीने हा दोष नाहीसा होईल असे कोणी समजू नये. त्यासाठी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. परंतु घरात वाढलेले चांगले अन्न घरातील गरजू व्यक्तीला न मिळता बाहेर जावे, हेही योग्य नव्हे.

कोणता पक्षी निवडावा

कोंबडी २१ दिवस अंडी उबविते व निघालेल्या पिल्लांत साधारणपणे निम्मे नर असतात. दहा माद्यांमागे एक नर पुरतो. म्हणजे एका वेतात दहा पिल्ले जगली तर त्यांतील चार-पाच नर कळपाला अनावश्यक असतात. ते अंडी देत नाहीत, आपसांत झुंजतात आणि माद्यांच्या तोंडचे दाणे खातात. असे कोंबडे चार ते सहा महिन्यांचे असतानाच उपयोगात आणावेत. वर्षभर राखलेला कोंबडा वजनाने थोडा भरतो खरा, पण तोपर्यंत त्याने खाल्लेल्या धान्याची किंमत त्यातून निघत नाही आणि मांस मात्र चिवट होते. वनराजा, गिरिराज ह्यांसारख्या सुधारित जातींचे नर गावठी नरांपेक्षा लवकर वजन धरतात. म्हणून ते त्याआधीही घेता येतात.

पक्षी कोवळा आहे की जून, हे ओळखणे कठीण नाही. छातीच्या मधल्या हाडाचे मागील टोक बोटाने दाबून पाहावे. कोवळ्या पक्ष्यात ते कूर्चेचे असल्यामुळे लवते. जून पक्ष्यात ते हाडासारखे कडक लागते. कोवळ्या नराच्या पायामागील काटा नुकता गाठीसारखा आलेला असतो व पायाची खवले मऊ असतात. अंडी देणे थांबलेली जुनी कोंबडीही वाया घालवू नये. परंतु ती सरळ भाजण्यास योग्य नव्हे. तिचे तुकडे प्रथम थोड्या पाण्यात मंद आचेवर तासभर वाफवून घ्यावेत, निवल्यावर त्यांना लेप लावावा व मग भाजावेत.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. आजारी कोंबडी कापू नये आणि मेलेली कोंबडी कोणत्याही कारणाने खाऊ नये. कळपात मर लागली म्हणजे उरलेल्या कोंबड्या वाया जाऊ नयेत म्हणून घाईने कापण्याची चाल अनेक गावांत आहे. ती अतिशय घातक आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक झाला, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. ह्या रोगाचा विषाणू नीट शिजविल्याने नष्ट होतो, म्हणून निरोगी कोंबडी शिजवून खाण्यास हरकत नाही. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळताना, कापताना व त्याची पिसे काढताना. हे काम घरात बहुधा ज्यांच्याकडे असते त्यांनाच तो धोका अधिक. एकाएकी दोन-चार पक्षी मेले तर त्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. तसेच पक्ष्यांना औषध पाजले असल्यास ते बंद केल्यानंतर किती दिवस मांस व अंडी खाऊ नयेत, हे पशुवैद्यकांस विचारून ते दिवस भरू द्यावेत.

कापणे व साफ करणे

ज्या दिवशी कोंबडा कापावयाचा असेल त्याच्या आदल्या रात्रीपासून त्यास दाणे देऊ नयेत. पाणी मात्र द्यावे. असे केल्याने आतडी रिकामी राहतात व साफ करताना मांस घाणीने माखत नाही. कापण्याची रीत ज्याच्या त्याच्या घरच्या धर्माप्रमाणे असावी; रक्त मात्र पूर्ण वाहून जाऊ द्यावे. पिसे काढण्यासाठी पाणी खळखळ उकळू नये. साधारण ६० अंश सेल्सिअस ऊन असलेल्या पाण्यात पक्षी दीड-दोन मिनिटे बुडविला म्हणजे पिसे सहज सुटतात. उकळत्या पाण्याने कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. भाजावयाच्या कोंबडीची कातडी ठेवावी असे आमचे मत आहे, कारण तिच्यातील चरबी वितळून मांस कोरडे पडत नाही. ज्यांना कातडी आवडत नाही त्यांनी ती काढावी व लेपात एक चमचा तेल वाढवावे.

पोट फाडताना काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नये; ती फुटली तर कडवटपणा कशानेही जात नाही. काळीज, हृदय व दाणे दळणारी पिशवी ही निराळी ठेवावी. आता धुण्याविषयी. आपल्याकडे कोंबडी तीन-चार पाण्यांनी खळखळून धुतल्याशिवाय समाधान होत नाही. मांसावरील रोगजंतू अशा धुण्याने जात नाहीत. उलट उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर ते शेजारच्या भाजीवर, भांड्यांवर व पाण्याच्या हंड्यावर जातात. घरी कापलेल्या पक्ष्यास पोटातील घाण काढल्यावर एका भांड्यात, पाणी न उडविता, एकदा धुणे पुरे. नंतर स्वच्छ फडक्याने तुकडे टिपून घ्यावेत. कोरड्या तुकड्याला लेप चांगला धरतो. विळी, पाट, हात व ते फडके ताबडतोब साबणाने धुवावेत. त्याच विळीवर कोशिंबीर चिरू नये. जंतू मरतात ते उष्णतेने, आणि त्याचा विचार पुढे येईल.

दीड किलोच्या जिवंत पक्ष्यापासून साफ केलेले मांस सुमारे एक किलो मिळते. त्याचे बारा तुकडे करावेत : दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख, छातीचे चार व पाठीचे दोन. मान, पंजे व हाडांचे उरलेले भाग निराळे ठेवावेत.

लेप

एक किलो मांसास घट्ट दही एक मोठी वाटी, मीठ सपाट दोन लहान चमचे, हळद अर्धा चमचा, लाल तिखट दोन चमचे, धणेपूड दोन चमचे, लसणाच्या बारा-पंधरा पाकळ्या, अंगठ्याएवढे आले, शेंगदाण्याचे अथवा करडईचे तेल दोन मोठे चमचे व अर्ध्या लिंबाचा रस, एवढे साहित्य पुरते. ह्यांपैकी बहुतेक जिन्नस शेतकऱ्याच्या घरात असतातच. लसूण व आले पाट्यावर बारीक वाटून घ्यावे. कोल्हापुराकडे कांदा-लसूण मसाला व खानदेशात काळा मसाला घरोघरी असतो; तो वापरावयाचा असल्यास दोन चमचे घेऊन तिखट व धणेपूड कमी करावी आणि मसाल्यात मीठ असेल तर तेवढे मीठही वजा करावे.

दही पातळ असेल तर ते फडक्यात बांधून तासभर टांगावे. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु बहुतेक ठिकाणी पदार्थ बिघडतो तो इथेच. पातळ दह्याचे पाणी भांड्यात सुटते, तुकडे त्यात उकडतात आणि भाजलेल्या कोंबडीऐवजी फिकट, फुटलेल्या दह्यातील कोंबडी ताटात येते. निथळलेले पाणी फेकू नये. भाकरीच्या पिठात घालावे.

ह्या जिनसांचे कार्य काय, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असणे बरे, कारण प्रात्यक्षिकाच्या वेळी तो प्रश्न हमखास विचारला जातो. मीठ मांसात खोलवर उतरते व भाजताना त्यातील रस धरून ठेवते. दह्यातील सौम्य आम्लाने वरच्या थरातील तंतू सैल होतात. लिंबाचे किंवा चिंचेचे आम्ल तीव्र असल्यामुळे ते बेताने वापरावे. अधिक झाले तर मांसाचा पृष्ठभाग घट्ट व रबरासारखा होतो. हळद, तिखट, लसूण ह्यांचा स्वाद मात्र फारसा आत जात नाही. तो वरच राहतो. म्हणूनच तंगडीला व मांडीला सुरीने दोन-तीन चिरा द्याव्यात व लेप त्या चिरांत बोटाने भरावा. पक्षी थोडा जून असेल तर हिरव्या पपईचा कीस एक चमचा वाटून लेपात मिसळावा. पपईच्या चिकातील द्रव्य मांसाचे तंतू तोडते. तो जास्त झाला किंवा रात्रभर राहिला तर मांसाचा पिठूळ लगदा होतो. म्हणून पपई घातल्यास अर्ध्या-पाऊण तासापेक्षा अधिक वेळ मुरवू नये.

लेप लावलेले मांस स्टीलच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ठेवावे. कल्हई उडालेल्या पितळेच्या व तांब्याच्या भांड्यात दही-मीठ लावलेला पदार्थ कळकतो व विषारी होतो. ॲल्युमिनियमचे भांडेही ह्या कामी टाळावे.

लहान मुलांसाठी तिखट घालण्यापूर्वीच थोडा लेप निराळा काढावा आणि तो दोन तुकड्यांना लावावा.

किती वेळ मुरवावे, ह्याचे उत्तर घरात शीतकपाट आहे की नाही ह्यावर अवलंबून आहे. कोंबडी मारल्यानंतर थोड्याच वेळात तिचे स्नायू ताठरतात व चार-सहा तासांनी पुन्हा सैल होऊ लागतात. म्हणून शीतकपाट असेल तर सायंकाळी लेप लावून रात्रभर आत ठेवलेले मांस सर्वांत मऊ होते. चोवीस तासांपलीकडे मात्र ठेवू नये. ज्यांच्याकडे शीतकपाट नाही त्यांनी दोन तासांवर थांबू नये, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यात तर एका तासातच भाजण्यास घ्यावे. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यातला गारवा पाणी पिण्यास पुरतो. मांस टिकविण्यास तो पुरत नाही. अशा घरांनी कोवळाच पक्षी निवडावा आणि आच मंद ठेवून भाजण्यास थोडा अधिक वेळ द्यावा, म्हणजे मुरण्यात राहिलेली उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

वर-खाली निखारे

भट्टी नसताना भाजावयाचे कसे, हा प्रश्न नवा नाही. भांड्याच्या खाली विस्तव व झाकणावर निखारे ठेवून पदार्थ भाजण्याची रीत आपल्या घरांतून पूर्वापार चालत आली आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरचे भानोले असेच होत असे. त्याच रीतीने कोंबडी उत्तम भाजते.

जाड बुडाचे, पसरट लोखंडी पातेले किंवा बिडाची कढई घ्यावी. तळाशी दोन बोटे जाड, धुऊन वाळविलेली भरड वाळू पसरावी. वाळूमुळे आच सर्वत्र सारखी लागते. वाळूवर छोटी अडणी ठेवावी. झाकण म्हणून लोखंडी खोलगट तवा उताणा ठेवावा, म्हणजे त्यात निखारे राहतात. रिकामे भांडे ह्या स्थितीत पंधरा मिनिटे तापू द्यावे. आच योग्य झाली की नाही हे पाहण्यास ताटलीत चिमूटभर गव्हाचे पीठ टाकून आत ठेवावे. पाच मिनिटांत पीठ सोनेरी तांबूस झाले तर आच बरोबर आहे. काळवंडले तर खालचा विस्तव ओढून घ्यावा. पांढरेच राहिले तर वर निखारे वाढवावेत.

आता एका स्टीलच्या ताटलीस तेलाचा हात लावून तुकडे एकमेकांस न चिकटतील असे एकाच थरात मांडावे. तंगड्या व मांड्या बाहेरच्या कडेला आणि छातीचे तुकडे मध्ये ठेवावेत, कारण छातीचे मांस लवकर होते. ताटली अडणीवर ठेवून झाकण घालावे. खाली थोडे व वर अधिक, हे निखाऱ्यांचे प्रमाण लक्षात ठेवावे. नेहमी होते ते ह्याच्या उलट. खाली चूल ढणढणत असते आणि वर चार निखारे विझत पडलेले असतात. मग तळ करपतो व वरची बाजू पांढरी राहते. पंचवीस मिनिटांनी झाकण काढून चिमट्याने तुकडे उलटावेत आणि कांद्याची अर्धी फोड तेलात बुडवून ती तुकड्यांवर फिरवावी. कच्च्या मांसाला लावून उरलेला लेप आता वरून लावू नये. तो टाकून द्यावा किंवा रश्श्यात घालून चांगला उकळावा. पुन्हा झाकून वीस ते तीस मिनिटे ठेवावे. एकूण पाऊण ते एक तास लागतो.

लोणारी कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवू नये. कोळशाच्या धुराला वास नसला तरी त्यातील वायू प्राणघातक असतो. अंगणात किंवा ओसरीवर हे काम करावे. गॅसवर करावयाचे झाल्यास दुसऱ्या शेगडीवर एक जाड तवा लाल होईतो तापवून झाकण म्हणून ठेवावा व दर दहा मिनिटांनी तो पुन्हा तापवावा. दाबाच्या कुकरमध्ये पाण्याशिवाय भाजण्याचा प्रकार अलीकडे बराच ऐकू येतो. त्याने कुकरची रबरी चकती व झडप खराब होते, आणि तोच कुकर दुसऱ्या दिवशी डाळीला लावणे धोक्याचे ठरते. ज्या घरात विजेची भट्टी आहे तेथे २०० अंश सेल्सिअसवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे पुरतात.

मांस झाले किंवा नाही हे रंगावरून ठरवू नये. हळद-तिखटामुळे वरचा रंग आधीच तांबडा असतो, आणि कोवळ्या पक्ष्याचे मांस पूर्ण शिजूनही हाडाजवळ किंचित गुलाबी राहू शकते. मांडीच्या सर्वांत जाड भागात स्वच्छ सळई हाडापर्यंत खुपसावी. बाहेर येणारा रस स्वच्छ असावा, रक्तमिश्रित असू नये, आणि सळई अडखळल्याशिवाय जावी. स्वयंपाकाचा तापमापक आता महाग राहिलेला नाही. महिला बचत गटाने एक घेतला तर सर्वांना उपयोगी पडेल. मांसाच्या गाभ्यात ७४ अंश सेल्सिअस तापमान दिसले म्हणजे रोगजंतूंची भीती उरत नाही. त्यानंतर तुकडे पाच-दहा मिनिटे झाकून ठेवावेत, म्हणजे रस मांसात परत स्थिरावतो.

रायगडची पोपटी

मुरवलेली कोंबडी भांड्यात कोंडून भाजण्याचा एक अस्सल देशी प्रकार रायगड जिल्ह्यात आहे. अलिबाग, पेण, रोहा ह्या भागांत थंडीच्या दिवसांत, वालाच्या शेंगा भरल्या म्हणजे, शेतात पोपटी लावतात. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर मीठ व ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाल्यात मुरवलेली कोंबडी, पुष्कळदा केळीच्या पानात गुंडाळून, रचतात. मडक्याचे तोंड त्याच पाल्याने गच्च बंद करतात, मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा, वाळलेला पाला व गोवऱ्या रचून जाळ करतात. पाण्याचा थेंबही घालीत नाहीत. शेंगांच्या व पाल्याच्या वाफेवर सर्व शिजते व मातीच्या तापाने भाजते. भांबुर्ड्याचा उग्र वास मांसाला लागतो आणि तोच पोपटीचा प्राण समजला जातो. जेथे हा पाला मिळत नाही तेथे अनोळखी रानपाला वापरण्याचे धाडस करू नये; केळीचे पान पुरे. पोपटीचा जाळ अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. तेवढ्या वेळात मोठी तंगडी हाडापर्यंत शिजेलच असे नाही. म्हणून पोपटीसाठी तुकडे लहान करावेत व मडके फोडल्यावर किंवा उघडल्यावर सळईने तपासूनच वाढावेत.

प्रात्यक्षिक व वाटणी

ग्रामकार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक घेताना दिवस पाहून घ्यावा. बहुतेक गावांत सोमवार, गुरुवार व शनिवार पाळले जातात. बुधवार, शुक्रवार किंवा रविवार सोयीचा. श्रावणात व एकादशीस हा विषय काढूच नये. गावातील माळकरी व शाकाहारी कुटुंबांना आग्रह करू नये. त्यांच्यासाठी हाच लेप वाफवलेल्या सुरणाच्या फोडींना व बटाट्यांना लावून त्याच भट्टीत, परंतु निराळ्या भांड्यात, भाजून दाखविता येतो. कार्यकर्त्याने स्वतः सर्व करून दाखवू नये. लेप एकीने कालवावा, निखारे दुसरीने सांभाळावेत, पिठाची परीक्षा तिसरीने करावी. पाहून घरी गेलेली रीत आठ दिवसांत विसरते. हाताने केलेली राहते.

वाटणीचा भाग मात्र कार्यकर्त्याने स्वतः पुढे होऊन दाखवावा, आणि त्या वेळी घरातील पुरुष मंडळीही हजर असतील असे पाहावे. बारा तुकडे परातीत मांडावेत आणि सहा माणसांच्या घरात प्रत्येकास दोन, असे ते सर्वांच्या देखत सहा वाट्यांत घालावेत. गर्भवती, अंगावर पाजणारी आई, वयात येणारी मुलगी ह्यांच्या वाट्या आधी भरून झाकून ठेवाव्यात व पाहुणा आला तर उरलेल्या वाट्यांतून त्याची सोय करावी. सासूबाईंनी झाकण ठेवले तर ते कोणी काढीत नाही, म्हणून प्रात्यक्षिकास सासवांना मुद्दाम बोलवावे. काळीज लहान असते. ते पाहुण्याच्या पानात घालण्याची चाल आहे. ते मुलीस व सुनेस द्यावे. गर्भवतीने काळीज वरचेवर व मोठ्या प्रमाणात खाऊ नये, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार असते. तिच्यासाठी मांसाचा तुकडाच बरा. लहान मुलांना देताना हाडे काढून मांस बोटांनी कुसकरून द्यावे.

पहिल्या दिवशी रस्सा नाही म्हणून तक्रार होईल, हे गृहीत धरावे. भाकरी कोरडी कशी खावी, असा प्रश्न पुरुष मंडळींकडून येतो आणि तो रास्त आहे. त्यासाठीच मान, पंजे व पाठीची हाडे निराळी ठेवावयास सांगितली. ती कांदा, लसूण, मिरे व थोडी हळद घालून पाऊण तास उकळावीत, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण लावावे आणि मीठ घालावे. हा रस्सा सर्वांना हवा तेवढा वाढता येतो, त्यात पाणी वाढले तरी कोणाच्या वाट्याचा तुकडा कमी होत नाही.

भाजलेली कोंबडी उरली तर ती दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावी व दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत तापवून संपवावी. शीतकपाट नसेल तर उरेल इतकी करू नये. पिसे, आतडी व रक्त उघड्यावर टाकल्यास कुत्री, माश्या व दुर्गंधी वाढते आणि कळपात रोग पसरतो. ती विहिरीपासून दूर, दोन हात खोल खड्ड्यात चुन्याचा थर देऊन पुरावीत. भाजण्याच्या चुलीतील राख मात्र थंड झाल्यावर खुराड्याजवळ एका कोपऱ्यात टाकावी. कोंबड्या तीत अंग घोळतात व त्यांच्या अंगावरील उवा कमी होतात.